आधी राहणी विचारा, मग मजुरी

(बीड जिल्ह्यातील वडवणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला तो परदेशी जाणाऱ्यांच्या राहणीचा. इथे माणूस कसा राहतो, तिथे कसा राहील, याचा ताळा कसा मांडायचा, यावर बोला, असे त्यांनी कळवले. तालुक्यातली शिकलेली पोरे आता जर्मनीची चौकशी करतात, काही जण आखातात जाऊन आले, म्हणून हा विषय निघाला. विषय मला मनापासून पटला. पण वडवणीत उभे राहून सातासमुद्रापलीकडचे सांगायचे आणि दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला निघतात त्यावर गप्प राहायचे, हे माझ्याने होणार नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हजेरीपटावरची नावे दिवाळीनंतर गळताना वर्षानुवर्षे पाहिली. त्यांच्या नावाने बोलायचे तर दोन्ही जाण्यांबद्दल एकत्रच बोलले पाहिजे.

आधी जर्मनीचे घेऊ. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुण पाठवायचे आणि त्यांना जर्मन भाषा शिकवायची, असे त्यात ठरले. बातमी आली आणि घरोघर एकच गणित सुरू झाले. महिन्याला इतके युरो, एका युरोचे इतके रुपये, म्हणजे झाले इतके लाख. बाप खूश, मामा खूश, सोयरीक आणणारेही खूश. पण हे गणित अर्धेच आहे. पगाराचे रुपये करून पाहणारा माणूस जेवणार आहे युरोत, घरभाडे भरणार आहे युरोत आणि केस कापून घेणार आहे तेही युरोतच.

देशोदेशीच्या किमती एकमेकींशी ताडून पाहणारा एक मोठा आंतरराष्ट्रीय उपक्रम १९६८ पासून चालू आहे. त्याच्या २०१७ च्या फेरीत दिसले ते असे, की अमेरिकेत एका डॉलरला जेवढा जिन्नस येतो तेवढा भारतात साधारण २०.६५ रुपयांत येतो. त्या वर्षी बाजारात डॉलर मात्र ६५ रुपयांच्या घरात होता. म्हणजे अमेरिकेतला पगार बाजारभावाने रुपयांत मांडला आणि तो तिथेच खर्च केला, तर आपल्या मनातला आकडा तिपटीने फुगलेला असतो. याची दुसरी बाजूही आहे. तिथे काटकसर करून जे उरले ते गावी पाठवले, तर तोच पैसा इथे तिप्पट कामाला येतो. आकडा देशागणिक बदलेल, हिशेबाची रीत तीच राहील. म्हणून जाणाऱ्याने पगाराआधी शिल्लक विचारावी. आणि शिल्लक कळायला आधी तिथली राहणी कळावी लागते.

जर्मनीत घराचे भाडे सांगतात ते बहुधा घर गरम ठेवण्याचा खर्च वगळून. कितीतरी भाड्याच्या घरांत स्वयंपाकाचा ओटा आणि शेगडीसुद्धा भाडेकरूनेच बसवायची असते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागता येते. पगार हातात येण्याआधीच कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा असे सगळे कापले जाते आणि एकट्या माणसाचा साधारण तिसरा हिस्सा तिथेच जातो. ऐकून पोटात गोळा येतो. पण त्याच कापलेल्या पैशातून तो आजारी पडला तर दवाखाना होतो, काम सुटले तर काही महिने चूल पेटती राहते, पोराला शाळेची फी पडत नाही. रात्री दहा वाजता एकटी नर्स ड्यूटी संपवून बसने घरी जाते, तिला न्यायला कोणी यावे लागत नाही. हे पगारपत्रकात दिसत नाही. आणि आई-बाप म्हातारे झाल्यावर त्यांच्याजवळ बसायला माणूस नसतो, तेही पगारपत्रकात दिसत नाही. राहणीचा ताळा मांडायचा म्हणजे हे दोन्ही मांडायचे.

महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाने १९९० साली संयुक्त राष्ट्रांसाठी पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यात अमर्त्य सेन यांचा विचार मुरलेला होता. देश किती पुढे गेला हे नुसत्या उत्पन्नावरून ठरवू नका, माणूस किती वर्षे जगतो, किती शिकतो आणि मग किती कमावतो, हे तिन्ही एकत्र पाहा, असे त्यांनी जगाला सांगितले. देशाला लावलेले हे माप एका कुटुंबालाही लावता येते. मी आज ते लावणार आहे.

आता आखाताकडे वळू. आखातात जाणारा आपला माणूस पुष्कळदा दहावी झालेला नसतो. अशांच्या पासपोर्टवर तशी नोंद असते आणि १८ देशांत कामाला जायचे तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्यांना सरकारी परवानगी लागते. ती मिळण्याआधी कामाचा लेखी करार दाखवावा लागतो. त्यात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे तिकीट असे सगळे लिहिलेले असते. दहा लाखांचा विमा काढावा लागतो. भरती करणाऱ्या एजंटाला परवाना लागतो आणि त्याने घ्यायच्या फीलाही ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. त्याहून जास्त घेणारे एजंट आहेत, फसवणारे आहेत, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण त्याला फसवणूक म्हणता येते, कारण कागदावर नियम आहे.

कतारचा कायदा पाहा. मार्च २०२१ पासून तिथे प्रत्येक कामगाराला महिन्याला किमान १,००० रियाल मूळ वेतन आहे. मालकाने राहायला जागा दिली नाही तर वर ५०० रियाल, जेवण दिले नाही तर आणखी ३०० रियाल. रियालचे आजचे रुपये चोवीसच्या आसपास धरा. मला त्या रकमेपेक्षा तिची मांडणी महत्त्वाची वाटते. राहणे आणि खाणे हे मजुरीच्या पोटात ढकलून दिलेले नाही, त्यांची किंमत वेगळी करून कायद्यात आकड्याने लिहिली आहे. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरचे काम तिथे बंद असते.

कायद्याने सगळे भागते असे माझे म्हणणे नाही. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. पन्नासच्या आसपास माणसे गेली, त्यांत ४५ भारतीय होते. दाटीवाटीने भरलेल्या त्या इमारतीत झोपेतच धुराने जीव गेले. पण त्यानंतर काय झाले तेही पाहा. तिसऱ्या दिवशी भारतीय हवाई दलाचे विमान शवपेट्या घेऊन कोचीला उतरले आणि केरळचे मुख्यमंत्री विमानतळावर उभे होते. गेलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, पासपोर्ट सगळे नोंदलेले होते. कोण गेले हे देशाला कळले.

ऊसतोडीला गेलेल्या आपल्या टोळीचा ट्रॅक्टर रात्री उलटतो, तेव्हा त्यात किती माणसे होती हे मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीवरून शोधावे लागते.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे, तर आता जवळजवळ दोनशे वर्षे मागे जाऊन मग इथे येऊ. उसासाठी समुद्र ओलांडून गेलेली मराठी माणसे आहेत आणि त्यांची गोष्ट वडवणीत माहीत असायला हवी. मॉरिशस बेटावर गुलामगिरी उठली आणि उसाच्या मळ्यांना माणसे मिळेनात. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. तिथून पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे कराराने त्या बंदरातून गेली. बहुतेक बिहारी, तमिळ, तेलुगू. पण मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही गेली. बंदरावरच्या ज्या सोळा पायऱ्या चढून ती वर आली त्या आजही आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते.

त्या करारात काय होते? मुदत पाच वर्षांची. पुरुषाला महिन्याला पाच रुपये. त्याशिवाय शिधा, वर्षाचे कपडे, राहायला मळ्यावरची वसाहत. कागदावर हे चांगले दिसते. प्रत्यक्षात ‘डबल कट’ नावाची रीत होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही, मग तापाने फणफणलेला का असेना, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. महिनाभरात चार दिवस आजारी पडलेल्याच्या हातात काय उरत असेल, याचा विचार करा. कराराची मुदत संपल्यावरही फोटो चिकटवलेला पास जवळ बाळगावा लागे. तो सापडला नाही की भटक्या ठरवून तुरुंगात टाकत. आडोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका मळेवाल्याला हे बघवले नाही. त्याने १८७१ मध्ये नऊ हजारांवर मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे नेला. मळेवाले त्याच्यावर उलटले, त्याला रस्त्यात मारहाण झाली, पण शाही आयोग नेमावाच लागला. ‘डबल कट’ उठायला मात्र १९०९ साल उजाडले.

हिंदुस्थानात या करारपद्धतीवर सरकारी सभागृहात तुटून पडले ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत जाणाऱ्या मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव त्यांनी मांडला, तो मंजूर झाला. ४ मार्च १९१२ ला करारी मजुरीची भरती समूळ बंद करण्याचा ठराव आणला, तो सरकारी बहुमताने पडला. गोखल्यांच्या मांडणीतला सगळ्यात धारदार मुद्दा हा, की साध्याभोळ्या, अडाणी माणसाला कुठे नेतात, तिथे कसे राहायचे, सुटका कशी व्हायची, याची कल्पना न देता त्याचा अंगठा घेतात. अशा अंगठ्याला करार म्हणता येत नाही. ही भरती १९१७ मध्ये थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

आता बालाघाटाच्या डोंगरावर या. चिंचवण, उपळी, देवडी, कवडगाव, कुठलेही गाव घ्या. पर्जन्यछायेतला मुलूख, कोरडवाहू जमीन, खरिपाचे सोयाबीन-कापूस निघाले की हाताला काम नाही. पूर्वेला माजलगाव धरणाचे पाणी आहे, पण डोंगरपट्ट्याच्या वाट्याला ते येत नाही. १९७२ च्या दुष्काळाने माणसे उठली ती उठलीच. सहकारी साखर कारखानदारी तोवर पश्चिम महाराष्ट्रात रुजली होती. प्रवरानगरचा पहिला कारखाना १९५० चा. उसाला पाणी तिकडचे आणि कोयता इकडचा, अशी वाटणी ठरून गेली. आज सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटपर्यंत आपली माणसे जातात.

अशाच एका तळावर मी राहिलो आहे. कृष्णाकाठचे गाव, डिसेंबर महिना. रिकाम्या रानात कोप्यांची रांग. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून वर पाचट आणि काळा प्लॅस्टिकचा कागद, आत वाकूनच शिरायचे, पाय पसरले की डोके चुलीजवळ. पहाटे तीनला बाया उठल्या. अंधारात लांब, बांधाच्या पलीकडे जाऊन आल्या, कारण संडास नावाची गोष्ट तळावर नव्हती. तीन दगडांवर भाकरी झाल्या, त्यांचे पीठ गावाहूनच पोत्यात आणलेले. शेतकऱ्याची मोटर चालू असेल तेव्हा पाणी भरायचे. साडेचारला टोळी फडात. पुरुष बुडातून ऊस तोडत होते, बाया पाला सोलून, वाढे छाटून मोळ्या बांधत होत्या. दवाने चिंब पाने, हातावर चरे. दुपारी ट्रक आला. मग चाळीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायचे. मोळी टाकली की उतरायचे आणि पुन्हा चढायचे. त्यांतल्या एकीला सहावा महिना होता. तळावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीच्या दारात उभी होती. तिचे नाव इकडच्या एका शाळेच्या चौथीच्या पटावर होते.

संध्याकाळी वाढे विकून आलेली एक बाई चूल पेटवताना मला म्हणाली, “सर, गावाकडं आपलं दोन खोल्यांचं घर हाय. वर सलॅप हाय, लाईट हाय, नळ हाय. घर बांधायला उचल घेतली, अन् उचल फेडायला घराला कुलूप लावून इथं पडलो.”

त्या बाईच्या बोलण्यात आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. जगात माणूस देश सोडतो तो बहुधा बऱ्या राहणीसाठी. जर्मनीला जाणारी नर्स इथल्यापेक्षा चांगल्या दवाखान्यात, चांगल्या रस्त्यावर, सुरक्षित शहरात जाते. आखातात जाणाऱ्याची खोली दाटीची असेल, पण तिला दार असते, पाणी असते, संडास असतो. आपला ऊसतोड मजूर मात्र स्लॅबच्या घरातून कोपीत जातो. शाळेतून, अंगणवाडीतून, आशाताईच्या देखरेखीतून तो लेकरे उचलतो आणि जिथे यांपैकी काही नाही तिथे नेतो. सहा महिन्यांसाठी तो स्वतःच्या राहणीची पातळी खाली आणतो आणि दर वर्षी आणतो. मग तो जातो का? कारण उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, एकरकमी मिळते. लग्न, आजारपण, विहीर, घर, आधीचे देणे, यांपैकी कशालाही लाख-दीड लाख रुपये कागदाशिवाय, तारणाशिवाय, आठ दिवसांत देणारा दुसरा कोणी त्याच्या दारात येत नाही. उचल हीच त्याची बँक आहे. म्हणून तुलना करताना इथली मजुरी आणि तिथली मजुरी अशी केली तर काही हाती लागत नाही. इथे कर्ज मिळत नाही आणि तिथे मिळते, हा खरा फरक आहे. हे ध्यानात आल्याशिवाय ‘यांनी जाणे बंद केले पाहिजे’ असे कोणी म्हणू नये.

आता कर्जाचा हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात समझोता झाला, तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. ३४ टक्के वाढ. मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टनांपर्यंत ऊस तोडतो असे धरा. झाले ७३२ रुपये. दोघांचे, पहाटे साडेचारपासून गाडी भरेपर्यंतचे. माणशी ३६६. हंगामात कामाचे १२० दिवस भरले तर ८७,८४० रुपये. पाऊस पडला, ट्रक आला नाही, कारखाना बंद पडला, ते दिवस यात नाहीत. यातून दर पंधरवड्याची खर्ची वजा करा. बाई आजारी पडली की खाडा, आणि खाड्याला पाचशे ते हजार रुपये दंड कापल्याचे बाया सांगतात. एका दिवसाची मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. मॉरिशसमध्ये ‘डबल कट’ १९०९ साली कायद्याने उठला, हे मी मघाशी सांगितले. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा लाखाच्या उचलीतले पैसे अंगावर फिरलेले असतात आणि पुढच्या हंगामाचा सौदा तिथेच, फडाच्या कडेला, न बोलता ठरून जातो.

याची किंमत बायांच्या शरीराने मोजली आहे. बीड जिल्ह्यात गर्भपिशवी काढलेल्या बायांचा आकडा फार मोठा आहे, अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहा बायांत एक. यांतल्या कितीतरी जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पाळीच्या चार दिवसांत धुवायला पाणी नाही, कपडा बदलायला आडोसा नाही, अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याकडे बघायला डॉक्टर नाही आणि खाड्याला दंड. अशा राहणीत दुखणे वाढले की ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला बाईला सुटकेसारखा वाटतो. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा दोष आहेच, तो झाकायचा नाही. पण कोपीजवळ एक बंद दाराचा संडास आणि हातपंप असता, तर यांतल्या किती जणी दवाखान्यापर्यंत गेल्याच नसत्या, हा प्रश्न मला छळतो.

मॉरिशसबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मळेवाल्यांनी आणि सरकारने मजुरांना पिळले, पण त्यांची नोंद ठेवली. उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, गाव; पुढे पुढे फोटोसुद्धा. ही दप्तरे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळून ठेवली आहेत. मॉरिशसमधला पणतू आज तिथे जाऊन आपला पणजोबा कुठल्या गावचा हे शोधतो. ती नोंद मजुरांवर पहारा ठेवण्यासाठी होती, तिचे गोडवे मी गात नाही. पण तिच्याच आधारावर आयोगापुढे अन्याय सिद्ध करता आला. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत लाखाहून अधिक ऊसतोड माणसे कारखान्यांच्या आवारांत अडकली. १७ एप्रिलला शासनाने त्यांना तपासणी करून गावी सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोण कुठे आहे याच्या याद्या घाईघाईने कराव्या लागल्या. इतकी वर्षे इतकी माणसे जातात आणि यादी करायला महामारी यावी लागते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले, गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी दहा रुपये आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावे, असा निर्णय झाला. गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात, त्यांत आजीजवळ राहून जेवणारी, शिकणारी पोरे आहेत. ही वसतिगृहे वेळेवर, दिवाळीच्या आत सुरू झाली तर पोर गावात राहते. ती डिसेंबरात सुरू झाली तर पोर तोवर कोपीत पोचलेले असते. एवढ्या एका तारखेवर एका मुलीचे चौथीचे वर्ष अवलंबून आहे.

कायद्याचेही थोडे सांगतो, कारण तो पुष्कळांना माहीत नाही. परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटोचे पासबुक, निम्म्या महिन्याच्या मजुरीएवढा विस्थापन भत्ता, जाण्या-येण्याचे भाडे, योग्य निवारा, औषधपाणी, हे सगळे त्यात लिहिले होते. वडवणीहून बेळगावला जाणाऱ्या टोळीला तो लागू पडत होता, सांगलीला जाणाऱ्या टोळीला नाही, कारण सांगली आपल्याच राज्यात. कोपी दोन्हीकडे सारखीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विरून गेला. प्रवास भत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला. बेळगावकडच्या एका तळावर जुन्या कायद्यातले पासबुक मी कोणाच्या हातात पाहिले नाही. कोणी मागितलेही नव्हते. मागावे कसे, ते असते हेच ठाऊक नव्हते.

म्हणून मला तुमच्याकडे एक मागणे मागायचे आहे. परदेशी जाणारा तुमचा मुलगा जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न उचल घेण्याआधी तुम्ही मुकादमाला आणि मुकादमाने कारखान्याला विचारावेत. राहायला काय, पाणी कुठले, बायांना संडास आहे का, दिवा आहे का, आजारी पडले तर कोण नेणार, खाड्याला दंड कापणार का, पोरांची शाळा किती लांब, अपघात झाला तर विमा कोणाचा. उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत. एकट्या कोयत्याने विचारले तर मुकादम म्हणेल, तू राहू दे, दुसरा येईल. त्याचेही बरोबर आहे, त्याच्याही अंगावर कारखान्याचे पैसे असतात. म्हणून हे एकट्याने विचारायचे काम नाही, गावाने विचारायचे आहे. कतारसारख्या देशात राहणे आणि खाणे यांची किंमत कायद्यात आकड्याने लिहिता येते, तर टनाच्या दराच्या समझोत्यात तळाच्या सोयी कलम म्हणून का येऊ नयेत? दर तीन वर्षांनी समझोता होतो, तिथे रुपयांवर घासाघीस होते. पुढच्या समझोत्यात पाणी, संडास आणि निवारा यांचे कलम नसेल तर तो समझोता अपुरा आहे, असे आपल्या नेत्यांना आत्ताच सांगा. ते इथलेच आहेत, तुमच्या मतावर आहेत.

आणि गावात करायचे काम याच वर्षी करता येईल. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन ग्रामसभा टोळ्या निघण्याच्या तोंडावर येतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक वही उघडा. कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, उचल किती, बरोबर मुले किती, मागे कोण राहणार, हे लिहा. गरोदर बायांची नावे आशाताईंकडे द्या आणि तिथल्या आरोग्य केंद्राला कळवायला सांगा. मागे राहणाऱ्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल. ओळखपत्र नसलेल्यांचे अर्ज त्याच दिवशी ग्रामपंचायतीकडून भरून घ्या. वही ग्रामपंचायतीत राहू द्या आणि तिची एक प्रत तहसीलला द्या. हा विषय सभेच्या पत्रिकेवर यायचा तर सरपंचांकडे तसा लेखी अर्ज आधी द्यावा लागतो. तो अर्ज इथून गावी गेल्यावर याच आठवड्यात लिहा.